होम सर्व्हरमध्ये डिस्क कुणाच्या ताब्यात द्यायच्या? व्हर्च्युअल मशीन आणि स्टोरेज कंट्रोलरची मांडणी

१ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि १५ जीबीची मर्यादा सगळ्यांनाच टोचायला लागली. महिन्याला पैसे भरायचे की घरातल्या जुन्या पीसीचा सर्व्हर करायचा, हा प्रश्न त्यानंतर मला वरचेवर विचारला जातो. दुसरा मार्ग निवडणारे बहुतेक जण प्रॉक्समॉक्सवर येऊन थांबतात. ते मोफत आहे, डेबियन लिनक्सवर बांधलेलं आहे आणि एकाच मशीनवर चार-पाच व्हर्च्युअल मशीन आरामात चालवतं. एकात ट्रूनॅस, एकात इमिच, एकात होम असिस्टंट. इथपर्यंत यूट्यूब बघून कुणालाही जमतं.

गाडी अडते ती डिस्कपाशी. व्हर्च्युअल मशीन बनवताना 'एससीएसआय कंट्रोलर' नावाचा एक पर्याय येतो, त्यात सहा-सात न कळणारी नावं असतात आणि आपण 'नेक्स्ट' दाबून पुढे जातो. फोनवर असा प्रश्न कधी येतच नाही, कारण फोनची मेमरी आणि ती हाताळणारा कंट्रोलर दोन्ही कंपनीने आत बसवूनच दिलेले असतात. सर्व्हरमध्ये मात्र तो निर्णय तुमचा. आणि त्या डिस्कवर आईबाबांच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो जाणार असतील, तर तो निर्णय 'नेक्स्ट'वर सोडू नये.

या लेखात कंट्रोलर कसे निवडायचे आणि कसे जोडायचे ते सांगते. सगळ्याच्या मुळाशी एक नियम आहे: ज्या सिस्टिमवर डेटा सांभाळायची जबाबदारी आहे, तिला खऱ्या डिस्क खऱ्या कंट्रोलरसकट मिळाल्या पाहिजेत, आणि फक्त तिलाच मिळाल्या पाहिजेत. कमांड आणि पर्यायांची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

खोटा कंट्रोलर, खरा कंट्रोलर

कंट्रोलर म्हणजे प्रोसेसर आणि डिस्क यांच्यामधला दुभाषा. 'हा ब्लॉक वाच, तो लिही, लिहून झालं का सांग' ही बोलणी तो करतो. मदरबोर्डवर साटाचे चार-सहा पोर्ट असतात, त्यामागे चिपसेटमध्ये असा एक कंट्रोलर बसलेला असतो. हा खरा.

व्हर्च्युअल मशीनला दिसतो तो सॉफ्टवेअरने उभा केलेला कंट्रोलर. मशीनला वाटतं आपल्याकडे डिस्क आहे, पण प्रत्यक्षात ती तुमच्या एनव्हीएमई एसएसडीवरची एक फाइल किंवा एक तुकडा असतो. यात काही गैर नाही. बहुतेक व्हर्च्युअल मशीनसाठी हेच योग्य असतं. म्हणून आधी हा सोपा भाग उरकून घेऊ.

साध्या व्हर्च्युअल मशीनसाठी काय निवडायचं

प्रॉक्समॉक्समध्ये व्हर्च्युअल डिस्क चार प्रकारच्या बसवर लावता येते: आयडीई, साटा, व्हर्टआयओ ब्लॉक आणि एससीएसआय. आयडीई म्हणजे १९८४ च्या पीसी-एटी काळातल्या कंट्रोलरची नक्कल. फार जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची असेल तरच उपयोगाची, आणि त्यावर चारच डिस्क लागतात. साटावर सहा. दोन्हींमध्ये प्रोसेसरचा बराच वेळ जुन्या हार्डवेअरचं नाटक वठवण्यात जातो.

व्हर्टआयओ हे नाटक करत नाही. आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे गेस्ट सिस्टिमला ठाऊक असतं, आणि ती होस्टशी थेट बोलते. त्यामुळे बस एससीएसआय घ्या आणि कंट्रोलर 'व्हर्टआयओ एससीएसआय सिंगल'. यातल्या 'सिंगल'चा अर्थ असा की प्रत्येक डिस्कला स्वतंत्र व्हर्च्युअल कंट्रोलर मिळतो. मग 'आयओ थ्रेड'वर टिक केली की प्रत्येक डिस्कचं काम वेगळ्या धाग्यावर चालतं आणि एका डिस्कवर मोठी कॉपी सुरू असताना दुसरी ताटकळत बसत नाही. व्हर्टआयओ ब्लॉकसुद्धा वेगवान आहे, पण त्यावर १६ डिस्क लागतात आणि एससीएसआयवर ३१. शिवाय एससीएसआय जास्त लवचिक आहे, म्हणून मी सगळीकडे तेच लावते.

यादीतली एलएसआय, मेगारेड, व्हीएमवेअर वगैरे नावं दुसरीकडून आणलेल्या जुन्या मशीनसाठी आहेत. नवीन मशीनला त्यांची गरज नाही. 'मेगारेड' दिसलं म्हणून आपल्याला रेड मिळेल असं समजू नका, तीही एक नक्कलच आहे.

विंडोज टाकणाऱ्यांसाठी एक सूचना. विंडोजच्या इन्स्टॉलरकडे व्हर्टआयओचा ड्रायव्हर नसतो, त्यामुळे डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी दिसते. डिस्क कुठेही गेलेली नसते. व्हर्टआयओची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावा, 'लोड ड्रायव्हर' दाबा आणि 'व्हीआयओएससीएसआय' फोल्डरमधला आपल्या विंडोजचा ड्रायव्हर निवडा.

आणखी दोन गोष्टी. व्हर्च्युअल डिस्क एसएसडीवर असेल तर 'डिस्कार्ड' चालू ठेवा, म्हणजे आतून डिलीट केलेल्या फाइलींची जागा होस्टला परत मिळते. आणि 'कॅश'ला हात लावू नका, मूळ 'नो कॅश' बरोबर आहे. तिथे 'राइटबॅक अनसेफ' नावाचा एक पर्याय आहे. 'डिस्कवर पक्कं लिही' हा गेस्टचा आदेश तो सरळ कानाआड करतो. वेग छान दिसतो, फक्त वीज जाईपर्यंत. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा नाव वाचूनच पुढे सरका.

नॅसचं गणित वेगळं का?

ट्रूनॅस झेडएफएस वापरतं. मूळचं सन मायक्रोसिस्टिम्समध्ये बनलेलं हे फाइल सिस्टिम डिस्कवर विश्वास ठेवत नाही, आणि तेच त्याचं बलस्थान आहे. प्रत्येक ब्लॉकसोबत ते चेकसम ठेवतं. वाचताना चेकसम जुळला नाही तर दुसऱ्या डिस्कवरची प्रत घेऊन बिघडलेली दुरुस्त करतं. वर्षानुवर्षं न उघडलेल्या फोटोतला एखादा बिट डिस्कवर गुपचूप उलटला, तरी महिन्यातून एकदा चालणाऱ्या 'स्क्रब'मध्ये तो सापडतो.

हे जमायला झेडएफएसला दोन गोष्टी लागतात. 'लिहिलं' असं डिस्क म्हणाली तर ते खरंच लिहिलेलं असावं. आणि कुठली डिस्क कुठली, ती आजारी आहे का, हे कळावं. मधे जितके थर, तितकं हे धूसर होत जातं.

नॅसच्या व्हर्च्युअल मशीनला जागा देण्याचे तीन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे सरळ व्हर्च्युअल डिस्क देणं. शिकायला, खेळायला ठीक. पण खाली होस्टवरही झेडएफएस असेल तर कॉपी-ऑन-राइटवर कॉपी-ऑन-राइट होतं आणि एका लिखाणाची अनेक लिखाणं होतात. त्याहून वाईट म्हणजे एकाच खऱ्या डिस्कवरच्या दोन व्हर्च्युअल डिस्कचा मिरर करणारे लोक असतात. डिस्क गेली की मिररच्या दोन्ही बाजू एकदम जातात.

दुसरा रस्ता खरी डिस्क एकेक करून देण्याचा. प्रॉक्समॉक्समध्ये 'क्यूएम सेट' कमांडने हे होतं, आणि इंटरनेटवर सर्वात जास्त हीच पद्धत सांगितली जाते, कारण ती पाच मिनिटांत होते. डेटा खऱ्या डिस्कवर जातो हे खरं, पण मधला कंट्रोलर अजून खोटाच असतो. ट्रूनॅसला डिस्कचं स्मार्ट, म्हणजे तब्येतीचा अहवाल, दिसत नाही. सीरियल नंबर वेगळा लिहून दिला नाही तर तोही पोचत नाही. आणि त्या डिस्क होस्टलाही दिसत राहतात. ही शेवटची गोष्ट सर्वात धोक्याची आहे. झेडएफएसचा पूल एका वेळी एकाच सिस्टिमने उघडायचा असतो. ट्रूनॅसने उघडलेला पूल होस्टनेही उघडला तर दोघं एकमेकांच्या नकळत त्याच जागी लिहू लागतात आणि पूल दुरुस्तीपलीकडे जाऊ शकतो. हा पूल दुसऱ्या सिस्टिमचा आहे असं झेडएफएस बजावतं, पण 'झेडपूल इम्पोर्ट'ला जबरदस्तीचा 'एफ' जोडला की ते गप्प बसतं. रात्री दोन वाजता कुठल्या तरी उत्तरातली कमांड चिकटवताना तो 'एफ' कुणाच्या लक्षात येतो?

हा रस्ता घ्यायचाच असेल तर डिस्क 'एसडीए', 'एसडीबी' अशा नावाने देऊ नका. ती नावं रीबूटनंतर बदलू शकतात. 'डिस्क बाय आयडी' फोल्डरमध्ये मॉडेल आणि सीरियल असलेली कायमची नावं असतात, ती वापरा.

तिसरा रस्ता म्हणजे अख्खा कंट्रोलर व्हर्च्युअल मशीनला देणं. याला पीसीआय पासथ्रू म्हणतात. होस्टचा त्या कंट्रोलरशी संबंध संपतो. ट्रूनॅसचा स्वतःचा ड्रायव्हर त्याच्याशी बोलतो आणि खऱ्या मशीनवर जसं दिसलं असतं तसंच सगळं दिसतं. मौल्यवान डेटासाठी मी हाच रस्ता सुचवते.

दोनच डिस्क असतील तर हे सगळं नकोच

पुढे वाचण्याआधी स्वतःला विचारा, ट्रूनॅस खरंच हवंय का? दोन डिस्कचा एक मिरर आणि घरात चार फोन एवढाच पसारा असेल, तर तो मिरर प्रॉक्समॉक्सवरच बनवा. झेडएफएस त्यात आहेच. एका छोट्या कंटेनरमध्ये सांबा टाकून फोल्डर शेअर करा. डिस्क होस्टच्या ताब्यात, खरा कंट्रोलर होस्टकडे, म्हणजे वरचा नियम इथेही पाळला जातो. पासथ्रूची कटकट नाही, रॅम वाचते. ट्रूनॅसचं सुंदर वेबपान आणि रंगीत आलेख मिळत नाहीत, एवढंच. चार किंवा जास्त डिस्क असतील, स्नॅपशॉट, अलर्ट, घरातल्या प्रत्येकाची वेगळी परवानगी असं सगळं क्लिकवर हवं असेल, तर पुढे या.

आयओएमएमयू आणि त्याचे गट

कंट्रोलर रॅममध्ये थेट लिहितो. तो व्हर्च्युअल मशीनला दिल्यावर त्याने त्या मशीनच्या वाट्याच्या रॅमबाहेर पाय टाकू नये, यासाठी प्रोसेसरमध्ये आयओएमएमयू नावाचा पहारेकरी असतो. इंटेल त्याला व्हीटी-डी म्हणतं, एएमडी एएमडी-व्हीआय. बायोसमध्ये तो चालू करावा लागतो, आणि तो नुसत्या 'व्हर्च्युअलायझेशन' म्हणजे व्हीटी-एक्सपेक्षा वेगळा पर्याय आहे. बरेच जण एक चालू करतात आणि दुसरा राहून जातो. इंटेलवर ६.८ च्या आधीच्या कर्नलला 'इंटेल आयओएमएमयू ऑन' असं बूटच्या ओळीतही सांगावं लागतं. नव्या प्रॉक्समॉक्समध्ये ती गरज उरलेली नाही.

आता गट. पहारेकरी प्रत्येक उपकरणाला वेगळं ओळखू शकत नाही. काही उपकरणं त्याला एका झुंडीत दिसतात, त्याला आयओएमएमयू ग्रुप म्हणतात. नियम असा की अख्खा गट एकत्र जातो. तुमचा साटा कंट्रोलर एकटा गटात असेल तर उत्तम. पण त्याच्या गटात नेटवर्कचं कार्ड आणि यूएसबीही असेल, तर कंट्रोलर दिल्या क्षणी होस्टचं नेटवर्क जातं आणि ब्राउझरमधलं प्रॉक्समॉक्सचं पान गोठतं. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आसपासच्या डेस्कटॉपवर बोर्डवरचा साटा बहुधा वेगळ्या गटात मिळतो. एएमडीच्या बी४५० सारख्या चिपसेटवर मात्र साटा, यूएसबी, नेटवर्क यांची एकच मोठी झुंड असणं नेहमीचं आहे.

हे बघायला कमांड पाठ करायची गरज नाही. व्हर्च्युअल मशीन निवडा, 'हार्डवेअर', 'अ‍ॅड', 'पीसीआय डिव्हाइस', 'रॉ डिव्हाइस'. यादीत प्रत्येक उपकरणासमोर गटाचा आकडा असतो. अजून काही जोडू नका, फक्त बघा. कार्ड विकत घेण्याआधी हे बघितलं तर पैसे वाचतात.

गट फोडण्यासाठी 'एसीएस ओव्हरराइड' नावाचा एक उपाय सुचवला जातो. तो गट कागदावर वेगळे दाखवतो, पण हार्डवेअरमध्ये वेगळेपण नसतंच. डेटाच्या डिस्कसाठी मी तो वापरत नाही. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने गट बदलतो.

कोणतं कार्ड?

बोर्डवरचा साटा वेगळ्या गटात असेल आणि प्रॉक्समॉक्स स्वतः एनव्हीएमईवर असेल, तर वेगळं कार्ड घेऊच नका. बोर्डवरचा कंट्रोलरच देऊन टाका. फक्त त्या साटावर प्रॉक्समॉक्सची बूट डिस्क नको. नाहीतर होस्ट ज्या फांदीवर बसलाय तीच तुम्ही तोडाल.

तसं जमत नसेल तर एचबीए घ्यायचं. हे सर्व्हरमधलं कार्ड डिस्क जशाच्या तशा सिस्टिमला दाखवतं. होम सर्व्हरच्या जगात एलएसआयची जुनी कार्डं हेच चलनी नाणं आहे. ही कंपनी २०१४ मध्ये अव्हॅगोने घेतली आणि पुढे अव्हॅगोने ब्रॉडकॉम घेऊन तेच नाव लावलं, त्यामुळे कार्डावर यातलं कुठलंही नाव दिसू शकतं. ९२११-८आय मध्ये एसएएस२००८ चिप असते आणि पीसीआय एक्सप्रेस २.०. ९२०७-८आय मध्ये एसएएस२३०८ आणि ३.०. ९३००-८आय त्याहून नवीन, १२ गिगाबिटचं. तिन्हींना आठ डिस्क लागतात. आयबीएमचं एम१०१५ किंवा डेलचं एच३१० हेही आतून एसएएस२००८च आहे.

वेगाची चिंता करू नका. पीसीआय एक्सप्रेस २.० ची एक लेन सेकंदाला सुमारे ५०० एमबी नेते, आठ लेनच्या ४ जीबी. फिरणारी डिस्क फार तर २००-२५० एमबी देते, आठ मिळून २ जीबी. म्हणजे स्लॉटमध्ये आतून चारच लेन असल्या तरी भागतं.

याउलट एका लेनच्या स्लॉटमध्ये बसणारी चार-सहा पोर्टची स्वस्त कार्डं बघा. २.० ची एक लेन चार डिस्कमध्ये वाटली की प्रत्येकीला १२५ एमबीसुद्धा मिळत नाहीत. रोजच्या वापरात कळत नाही, पण स्क्रब आणि नवी डिस्क भरताना सगळ्या डिस्क एकदम वाचल्या जातात. ४ टीबीची भरलेली डिस्क १५० एमबीच्या सरासरीने वाचायला साडेसात तास लागतात, तो वेळ आणखी वाढतो. लहान सर्व्हरसाठी एएसएम११६६ चिपचं सहा पोर्टचं कार्ड चांगला मध्यममार्ग आहे. 'पोर्ट मल्टिप्लायर' लावून पोर्ट वाढवलेली कार्डं मात्र टाळा. यूएसबीच्या खोक्यांचं तर नावच काढू नका. मधली यूएसबी चिप स्मार्ट आणि सीरियल लपवू शकते, आणि ताण आला की एखादी डिस्क मधेच गायब होते.

एचबीए घेताना एक प्रश्न विचाराच: फर्मवेअर आयटी मोडचं आहे का? आयआर मोडमध्ये कार्ड स्वतः रेड करायला बघतं. आयटी मोडमध्ये ते फक्त डिस्क पुढे करतं, आपल्याला तेच हवंय. जुनं रेड कार्ड घेऊन प्रत्येक डिस्कचा वेगळा रेड-० करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डिस्कवर कार्डाची स्वतःची लिपी बसते, आणि कार्ड मेलं की तसंच कार्ड शोधत फिरावं लागतं.

केबलचंही एक कोडं आहे. एसएफएफ-८०८७ ते चार साटा अशी केबल दोन प्रकारची मिळते, फॉरवर्ड आणि रिव्हर्स. दिसायला अगदी सारख्या. कार्डापासून डिस्ककडे जायला फॉरवर्ड लागते. रिव्हर्स लावली तर एकही डिस्क दिसत नाही आणि माणूस कार्डालाच दोष देत बसतो. ९३०० मालिकेच्या कार्डाला एसएफएफ-८६४३ टोकाची केबल लागते.

शिवाय ही कार्डं सर्व्हरच्या वाऱ्यासाठी बनलेली आहेत. साध्या कॅबिनेटमध्ये त्यांचं हीटसिंक हात लावता येणार नाही इतकं तापतं, आणि उन्हाळ्यात तर विचारूच नका. ४० मिलिमीटरचा छोटा पंखा त्यावर बांधा. कार्ड साधारण १० वॅट खातं, म्हणजे वर्षभर चालू ठेवलं तर ८८ युनिटच्या आसपास. बोर्डवरचा साटा जमत असेल तर तोच वापरा म्हणण्याचं हेही एक कारण.

प्रत्यक्ष जोडणी

माझ्या घरची मांडणी उदाहरणादाखल घेते. आठव्या पिढीच्या आय५ चा ऑफिसमधून निघालेला टॉवर, ३२ जीबी रॅम, प्रॉक्समॉक्स एनव्हीएमईवर, आणि ९२०७-८आय वर ४ टीबीच्या चार डिस्क, दोन-दोनचे मिरर.

पहिलं काम, होस्टने कार्डाला हातच लावू नये असं करणं. मशीन सुरू करताना प्रॉक्समॉक्स आपोआप कार्ड सोडून देतं हे खरं, पण तोवर होस्टने डिस्क पाहिलेल्या असतात. म्हणून बूट होतानाच कार्ड 'व्हीएफआयओ-पीसीआय' या ड्रायव्हरला बांधायचं. 'एलएसपीसीआय -एनएन' कमांड कार्डाचा ओळख क्रमांक दाखवते. एसएएस२००८ चा १०००:००७२, एसएएस२३०८ चा १०००:००८७, एसएएस३००८ चा १०००:००९७. हा क्रमांक 'मॉडप्रोब.डी' फोल्डरमधल्या फाइलीत 'व्हीएफआयओ-पीसीआय'च्या नावाने लिहायचा, आणि 'एमपीटी३एसएएस' या मूळ ड्रायव्हरच्या आधी तो लोड व्हावा अशी ओळ टाकायची. मग इनिटरामएफएस पुन्हा बनवून रीबूट. आता होस्टच्या 'डिस्क्स' पानावर त्या चार डिस्क दिसायला नकोत. दिसत असतील तर पुढे जाऊ नका.

बोर्डवरचा साटा देत असाल तर मूळ ड्रायव्हर 'एएचसीआय' असतो. मशीनमध्ये त्याच ओळख क्रमांकाचे दोन कंट्रोलर असले तर दोन्ही जातील, हे आधी तपासा.

ट्रूनॅसचं व्हर्च्युअल मशीन बनवताना मशीनचा प्रकार 'क्यू३५' घ्या. बूटसाठी एनव्हीएमईवरची ३२ जीबीची व्हर्च्युअल डिस्क, व्हर्टआयओ एससीएसआय सिंगलवर. रॅम किमान ८ जीबी, मी १२ दिली आहे, आणि 'बलूनिंग' बंद. पासथ्रू असलं की मशीनची सगळी रॅम सुरुवातीलाच अडकवून ठेवली जाते, कमी-जास्त होत नाही. ३२ जीबीचा हिशेब करताना हे धरून चला.

मग 'अ‍ॅड', 'पीसीआय डिव्हाइस', कार्ड निवडा, 'ऑल फंक्शन्स' आणि 'पीसीआय-एक्सप्रेस'वर टिक. 'रॉम-बार'ची टिक काढा. ती राहिली तर कार्डाचं स्वतःचं बूट पान व्हर्च्युअल मशीनमध्ये चालू होतं आणि मशीन उगाच रेंगाळतं. ट्रूनॅसला कार्डावरून बूट व्हायचं नसल्यामुळे त्याची गरजच नाही.

सुरू केल्यावर ट्रूनॅसच्या डिस्कच्या यादीत खरे मॉडेल नंबर आणि सीरियल दिसले की काम झालं. तेच सीरियल कागदी पट्टीवर लिहून प्रत्येक डिस्कच्या समोरच्या कडेला चिकटवा. दोन वर्षांनी एक डिस्क बिघडेल तेव्हा चारपैकी कुठली ओढायची हे त्या पट्टीवरून कळेल. चुकून चांगली ओढली तर काय होतं ते सांगायला नको.

फोटो टाकण्याआधी

पूल बनवून त्यात नको असलेल्या पाच-पन्नास जीबी फाइली टाका. मशीन बंद करा, एका डिस्कची केबल काढा, सुरू करा. पूल 'डिग्रेडेड' दिसेल, पण फाइली उघडतील. अलर्टचा मेल फोनवर आला का बघा. न येणारा अलर्ट असून नसल्यासारखा. परत बंद करून केबल लावा आणि पूल पूर्ववत होताना पाहा. हा अर्धा तास सगळ्या यूट्यूब व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवतो.

स्मार्टच्या अहवालात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे शून्यावर असावेत. ते वाढायला लागले की डिस्क जायच्या वाटेवर आहे. १९९ वाढला तर मात्र डिस्क बदलायला धावू नका, तो बहुधा केबलचा दोष असतो. हा फरक कंट्रोलर खरा असल्यामुळेच ट्रूनॅसला कळतो. नव्या डिस्क घेताना एसएमआर तंत्राच्या टाळा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं बाहेर आलं तेव्हा बराच गदारोळ झाला होता. पूल दुरुस्त करताना त्या फार मंदावतात. रेड प्लस या मालिकेत सीएमआर असतं.

सुरू होण्याचा क्रमही ठरवा. इमिच फोटोंसाठी ट्रूनॅसवर अवलंबून आहे, म्हणून ट्रूनॅसच्या 'स्टार्ट ऑर्डर'ला १ आणि 'स्टार्टअप डिले' १२० सेकंद. बंद होताना हाच क्रम आपोआप उलटा होतो. इमिचचे फोटो नॅसवर ठेवा, पण त्याचा डेटाबेस त्याच्या स्वतःच्या व्हर्च्युअल डिस्कवर असू द्या, नेटवर्क शेअरवर डेटाबेस ठेवायला इमिचचाच नकार आहे.

वीज गेल्यावर क्रमाने बंद व्हायला यूपीएस लागतो, आणि त्याची यूएसबी केबल होस्टला जोडायची, ट्रूनॅसला नाही. शेवटी बंद व्हायचं असतं ते होस्टला.

प्रॉक्समॉक्सचा बॅकअप आणि मशीन मेलं तर

पासथ्रू केलेल्या डिस्क प्रॉक्समॉक्सच्या बॅकअपमध्ये येत नाहीत. रोज रात्री बॅकअप यशस्वी झाल्याचं हिरवं चिन्ह येईल, पण त्यात ट्रूनॅसची ३२ जीबीची बूट डिस्कच असेल. फोटोंची प्रत ट्रूनॅसमधूनच वेगळ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर पाठवावी लागते, आणि ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरात असावी. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेला फोल्डर दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जातो.

ट्रूनॅसच्या सेटिंगमधून कॉन्फिग फाइल डाउनलोड करून फोनमध्ये किंवा मेलवर ठेवा. पूल एन्क्रिप्ट केला असेल तर त्याची किल्लीही. मग मदरबोर्ड जळला किंवा प्रॉक्समॉक्सची एनव्हीएमई गेली तर एवढंच करायचं: चार डिस्क कार्डासकट काढायच्या, कुठल्याही दुसऱ्या पीसीत लावायच्या, एखाद्या रिकाम्या एसएसडीवर ट्रूनॅस थेट टाकायचं, कॉन्फिग फाइल चढवायची आणि पूल इम्पोर्ट करायचा. त्या पीसीत व्हर्च्युअलायझेशन नसलं तरी चालेल. डिस्कवर प्रॉक्समॉक्सचा मागमूसही नसतो, त्यामुळे पूल सरळ उघडतो. कार्डही हाताशी नसेल तर डिस्क साध्या साटा पोर्टला लावा, झेडएफएस त्यांना तिथेही ओळखतं.